अडतीस अंशांवरची खाच

वीज गेली तेव्हा यंत्र अर्ध्यावर होतं. गेली आणि लगेच आली, पण यंत्राला तेवढं पुरतं. ते रुसलं आणि होतं तिथंच थांबलं. पडद्यावर तापवण्याची रेघ तेवढी उमटलेली, निवण्याची अजून सुरूही झाली नव्हती. बेनगाझीत हल्ली सगळेच विजेला देतात ती शिवी मीही दिली आणि हातातली कॉफी संपेपर्यंत काही करायचं नाही असं ठरवून त्या अर्धवट रेघेकडे बघत बसले. इतक्या वर्षांत मी ती कधी नीट बघितली नव्हती. ती बघायची नसतेच. आमचं काम असं : मसुराच्या दाण्याएवढ्या वाटीत तेलाचा थेंब ठेवायचा, शेजारी तसलीच रिकामी वाटी, आणि दोघींना बरोबरीनं तापवून बरोबरीनं निववायचं. निवताना तेलातलं मेण थिजायला लागलं की भरल्या वाटीतून किंचित ऊब बाहेर पडते, रिकामीतून पडत नाही. तो फरक यंत्र टिपतं आणि मी सांगते की हे तेल अमुक अंशाला थिजायला लागेल. आमचं तेल भलतंच मेणचट, जानेवारीत बाटली उलटी केली तरी थेंब पडायचा नाही. पण निववण्याआधी त्याला ऐंशी अंशांपर्यंत न्यावं लागतं, कारण तेलाला आठवण असते. कुठं तापलं, कुठं किती वेळ उभं राहिलं, सगळं त्या मेणाच्या कणांत बसलेलं असतं. ऐंशीला ते सारं विसरतं. विसरलेलं तेलच खरं बोलतं, असं मला शिकवलं होतं आणि मी ते नवऱ्याला जेवताना इतक्या वेळा ऐकवलं असेल की त्याला तोंडपाठ झालं होतं. म्हणून ती पहिली, विसरण्याआधीची रेघ आम्ही टाकून देतो.

आज त्या रेघेत एक खाच होती. रेघ चांगली चढत गेली होती आणि अडतीस अंशांपाशी कुणीतरी दातानं तुकडा तोडावा तशी आत गेली होती. अशी खाच पडते ती तेल एकाच उबेत दिवसेंदिवस न हलता बसलं तरच. मला आधी गंमतच वाटली. बाटलीवर चिठ्ठी होती तेलाच्या नळावरच्या तिसऱ्या ठाण्याची. तिसरं ठाणं म्हणजे भर वाळवंट, या दिवसांत पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो. तिथं अडतीस अंशांवर महिनाभर काय राहणार, अंडी उबवणारी कोंबडीसुद्धा राहायची नाही. मग मी मागच्या आठवड्याची दुसऱ्या ठाण्याची रेघ काढली. तिथंही खाच, अडतीसलाच. त्याआधीची पाचव्या ठाण्याची काढली. एका आईची लेकरं असावीत तशा सगळ्या. मी जुन्या रेघा काढत गेले, काढत गेले, आणि पार शरद सरेपर्यंत मागे गेल्यावर ती खाच नाहीशी झाली. कॉफी माझ्या हातात होती पण हात माझा वाटत नव्हता. मोठ्या बातमीला माणूस निदान ओरडतो तरी. या बातमीला ओरडायचंही सुचत नव्हतं, कारण कुणी काही सांगितलंच नव्हतं, नुसती एक रेघ होती आणि ती मला माहीत असलेल्या कुठल्याच गोष्टीशी जुळत नव्हती.

कारण त्या बाटल्या भरतो माझा नवरा. दक्षिणेतून किनाऱ्यावर तेल आणणारा नळ राजकारणापायी शरदातच बंद पडला, तेल आतल्या आत उभं. ते थिजू नये म्हणून प्रत्येक ठाण्यावर शेगड्या पेटत्या ठेवायच्या, ज्यांची ऊब वाऱ्यागणिक खालीवर होते, एका अंशावर कधी टिकत नाही, आणि दर आठवड्याला प्रत्येक ठाण्यावरून एक बाटली भरून माझ्याकडे पाठवायची, हे मिफ्ताहचं काम. नळ परवा उघडणार होता. किती ऊब आहे, किती दाब द्यायचा, हे माझ्या आकड्यावर ठरणार होतं. आकडा चुकला तर पंप मेणबत्तीला रेटा देत बसतील, नळ फुटेल आणि पंपापाशी उभी असलेली माणसं जागच्या जागी जातील. मी उठून ती तिसऱ्या ठाण्याची बाटली हातात घेतली. झाकणाच्या खोबणीत नेहमीची पांढरी भुकटी होती. दर आठवड्याला असायची. वाळवंटातली चुनखडी म्हणून मी दर आठवड्याला ती पुसून टाकायची, आणि खरं सांगायचं तर पुसताना मला बरं वाटायचं, तो जिथं आहे तिथली माती माझ्या बोटांना लागली म्हणून. आज मी ती ओल्या बोटानं टिपली. चुनखडी करकरते. ही चिकटली. बोटांत मळली तर तिची इवलीशी गोळी झाली, आणि मी, शिकलेली बाई, ती गोळी नाकाशी धरून उभी राहिले. आंबूस वास आला. कणिक.

शरदात सालिहला उचलून नेलं. सालिह म्हणजे मिफ्ताहचा जोडीदार, आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारा, मोठ्या आवाजाचा, ज्याला एकट्याला चहा घशाखाली जायचा नाही असा माणूस. सुट्टीवर असला की वर येऊन दार बडवायचा, "मिफ्ताह, चल खाली, चहाला फेस चढलाय. एकट्यानं प्यायचा तो चहा नव्हे, काढा!" तिसऱ्या ठाण्यावर चहाच्या वेळेला बंदूकवाले आले आणि त्याला घेऊन गेले. मिफ्ताह टाक्यांकडे होता, परत येऊन बघतो तर किटली उतू जात होती, असं त्यानं सांगितलं, आम्ही ऐकलं. आठवडाभर तो भिंतीकडे तोंड करून पडून होता आणि मग एका सकाळी उठून बॅग भरून परत कामावर गेला. गल्लीत त्याची वाहवा झाली. लॅबमध्ये मी मान वर करून चालायला लागले. तिकडून तो फोन करायचा. मागे धबधब आवाज यायचा, जनरेटर आहे म्हणायचा. वाऱ्याचं सांगायचा, वाळू जेवणात येते म्हणायचा. आणि दर फोनला सालिहच्या बायकोसाठी काहीतरी द्यायचा, "खैरियाला सांग, शोध चालू आहे. चाकांच्या खुणा दिसल्यात दक्षिणेला." मी ते खाली घेऊन जायची, वाडग्यातून गरम शोरबा न्यावा तसं, सांडू न देता. खैरिया दारातच उभी राहून ऐकायची, मग म्हणायची, "परत सांग." मी परत सांगायची.

मी रिकाम्या वाटीकडे बघत विचार करत होते की या शहरात, जिथं दिवसाचे निम्मे तास वीज नसते, अशी कुठली जागा आहे की जी रात्रंदिवस अडतीस अंशांवर राहते, आणि जिथं कणिक असते. याला काही यंत्र लागत नाही. पावाच्या भट्टीत पीठ फुगवायची खोली असते, भट्टी शेजारी धगधगत असते, वीज असो नसो. आणि मग मला आत्याबाई आठवल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, हजला जाऊन आलेल्या म्हणून हाज्जा रबहा. गुडघ्यांनी अधू, जिना उतरताना प्रत्येक पायरीला अल्लाचं नाव घेणार. आमच्या घराखाली भट्टी आहे, पाव चांगला असतो. तरी शरदापासून म्हातारी रोज सकाळी टॅक्सी करून बंदराकडच्या भट्टीचा पाव आणायला जाते. मी चिडायची. "आत्याबाई, त्या पावाला काय सोनं लावलंय?" तर म्हणायची, "पोरी, ज्याला त्याला आपल्या तोंडची चव." आणि आणलेला पाव ताटात ठेवताना त्याच्यावरून हात फिरवायची. मी तो हात बघितला होता. रोज बघितला होता आणि मला वाटलं होतं, म्हातारपण.

टॅक्सीत बसल्यावर मी स्वतःशी भांडत होते. हमद ड्रायव्हरचं काम असेल हे, तो बाटल्यांची पेटी आणतो, त्यानंच वाटेत काही लबाडी केली असेल, मिफ्ताह बिचारा तिकडे वाळू खात असेल. माझं अर्धं डोकं त्याची बाजू घेत होतं आणि दुसरं अर्धं नुसतं धबधब आवाज ऐकत होतं. बंदराकडच्या त्या गल्लीत शिरले आणि तो आवाज खरोखरच ऐकू आला. पीठ मळायचं यंत्र चालू होतं. मी फुटपाथवर तिथंच थांबले. मागून येणारा एक माणूस मला आदळला, "बाई, बघून" म्हणाला आणि गेला. तो आवाज मी उशाशी फोन ठेवून ऐकलेला होता. त्यावर मला झोप लागायची.

बायकांची खिडकी बाजूला होती, छातीएवढ्या उंचीवर, आतलं तोंड दिसू नये अशी. रांगेत दोघीतिघी होत्या. माझी पाळी आली, मी पैसे सरकवले, आतून हात आला. पिठानं मनगटापर्यंत पांढरा हात, आणि अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं. लग्नाच्या वर्षी त्या नखावर व्हॉल्व्हचं चाक पडलं होतं. मी त्याला मध लावला होता.

"किती पाव?" आतून विचारलं.

"मिफ्ताह," मी म्हणाले.

हात तिथंच राहिला. पुढे येईना, मागेही जाईना. मीही हलेना. मागची बाई कंटाळून ओरडली, "अगं ए, पाव घेतेयस की सोयरीक जुळवतेयस?" बाकीच्या हसल्या. एक म्हणाली, "घेऊ दे गं, हात चांगला दिसतोय." मी रांगेतून बाहेर पडले आणि भिंत धरून मागच्या दाराकडे गेले. तो तिथं आलेला होता. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. मला वाटलं मी वीस वर्षांनंतरचा मिफ्ताह बघते आहे आणि मधली वर्षं कुणीतरी चोरून नेली आहेत.

"आईनं सांगितलं?" तो म्हणाला.

"तेलानं."

त्याला कळलं नाही. मी त्याला बाजूला सारून आत गेले. पीठ फुगवायच्या खोलीत फळ्यांवर कणकेचे लांबोडके गोळे फडक्याखाली झोपलेले होते आणि सगळ्यात खाली, घोंगडीत गुंडाळलेलं, एक निळं पिंप होतं. घोंगडी आमच्या घरची. थंडी पडल्यापासून मी ती शोधत होते.

"हे कुठलं?"

"तिसऱ्या ठाण्याचं. सालिहनं भरलेलं. त्याला नेलं त्याच दिवशी सकाळी. येताना गाडीत घालून आणलं मी."

"आणि दुसऱ्या, पाचव्या ठाण्याचं?"

"सगळं यातलंच." तो घोंगडीचं टोक नीट करत होता. "थिजू द्यायचं नव्हतं मला. थिजलं असतं तर तुला कळलं असतं, म्हणून. आणि... त्यानं भरलेलं आहे ते. थिजू द्यायचं नव्हतं."

"हमद?"

"पेटी इथून उचलतो. त्यालाही पोरंबाळं आहेत. पहारेकरी आपापल्या घरी. तिथं कुणी नाही. सगळे फोनवरच तिथं आहेत."

"शेगड्या?"

त्यानं घोंगडीचं टोक पुन्हा खोचलं. म्हणजे नळ शरदापासून गार होता. वाळवंटापासून समुद्रापर्यंत थिजून पडला होता, आणि मी इकडे एका पिंपातलं तेल आठवड्यामागून आठवडा मोजत होते, दशांश चिन्हापर्यंत. मला हसू आलं. खरंच आलं, आणि ते थांबवता येईना. त्यानं माझे खांदे धरले तेव्हा कळलं की मी हसत नव्हते.

"मी निघालो होतो गं," तो म्हणाला. "बॅग घेऊन निघालो, खोटं नाही. शेवटचा पेट्रोल पंप गेला की हात चालत नाहीत. गाडी उभी करून बसलो. परत फिरलो. पुन्हा निघालो, पुन्हा तिथंच."

"मला सांगायला तोंड नव्हतं?"

"तू सगळ्या लॅबला सांगत होतीस, माझा नवरा वाघ आहे म्हणून. वाघ सांगणार काय, की मला भीती वाटते?"

हे त्यानं ओरडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. हळू सांगितलं. मला पुढं विचारायचं नव्हतं आणि मी विचारलं, त्या दिवशी टाक्यांकडे गेला होतास ना? तो खाली पिंपाशी बसला. म्हणाला, टाक्यांकडे नव्हतो. चहा पीतच होतो. गाड्यांची धूळ दिसली तसा टाकीमागच्या खड्ड्यात जाऊन पडलो, सालिह किटली उतरवायला थांबला. त्यांनी विचारलं, अजून कोण आहे? सालिह म्हणाला, मी एकटाच आहे. समोर दोन पेले होते. एकानं ते पायानं दाखवले. "तर सालिह म्हणतो, दोन्ही माझेच, मला एकानं भागत नाही. आणि दोन्ही पिऊन दाखवले त्यानं. माझा उष्टा पेला. मी ऐकत होतो. मी तोंडात वाळू धरून ऐकत होतो."

फळीवरचं एक फडकं घसरलं होतं, ते त्यानं सवयीनं नीट केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "परवाचं तेवढं लांबवता येईल का? काही कारण काढ. नाही तर... ती पहिली रेघ तुम्ही टाकूनच देता ना? ऐंशीला सगळं विसरतं. तूच म्हणतेस." माझंच वाक्य, माझ्याच जेवणाच्या ताटावरचं, त्यानं मला परत दिलं, आणि ते अगदी नियमाला धरून होतं. नियमाप्रमाणे मी काहीच बघितलेलं नव्हतं. मला त्याच्या तोंडात मारायची होती आणि त्याला त्या घोंगडीत गुंडाळून घरीही न्यायचं होतं, आणि यातलं एकही मी केलं नाही. "पंपावर माणसं उभी राहतील, मिफ्ताह," एवढं म्हणाले. त्यानं मान हलवली. जाताना त्यानं माझ्या हातात पावाची पिशवी दिली, घरी पाहुणा आल्यावर द्यावी तशी, आणि मी ती घेतली.

आमचे मुख्य हाज अतिया, निवृत्तीला टेकलेले, माझ्या वडिलांच्या वयाचे. मी न विचारता आत शिरून म्हटलं, "हाज, परवा नळ उघडायचा नाही."

"बाईसाहेबांचा हुकूम?" ते हसले. "मंत्र्यांना कळवू की काय?"

मी रेघा त्यांच्यापुढं ठेवल्या. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, कागद नाकाशी धरला. "पहिली रेघ आहे ही. ही कोण बघतं?"

"मी बघितली. सगळं तेल एका पिंपातलं आहे. ठाण्यांवर कुणी नाही. नळ थिजलाय."

ते बराच वेळ त्या खाचेवरून नख फिरवत राहिले. मग दाराकडे बघून आवाज खाली आणत म्हणाले, "हा हमद ड्रायव्हर पहिल्यापासूनच लबाड." आणि थांबले. पळवाट माझ्यासाठी उघडून धरली होती त्यांनी, नुसतं हो म्हणायचं होतं. आमच्यात बाई परक्या पुरुषासमोर नवऱ्याचं नाव घेत नाही. 'घरातले' म्हणते, मुलगा असला तर त्याचा बाप म्हणते. मला मूलही नाही. इतकी वर्षं या खोलीत मी 'घरातले' म्हणूनच त्याची बढाई मारली होती.

"हमद नाही," मी म्हणाले. "मिफ्ताह. मिफ्ताह शरदापासून तिकडे गेलेलाच नाही."

हाजनी डोळे मिटले. "या अल्ला," म्हणाले, "नाव घेतलंस, मुली." मग त्यांनी फोन उचलला आणि नळ उघडणं थांबवायला बंदराचा नंबर फिरवला, आणि मी बाहेर आले. यंत्र पुन्हा चालू झालेलं होतं, कुणीतरी सुरू केलं असावं. तेल ऐंशीला पोचून निवायला लागलं होतं आणि पडद्यावरची नवी रेघ गुळगुळीत होती, तिच्यात काही म्हणता काही नव्हतं.

घरापर्यंत मी चालत गेले. चालताना काहीच जुळत नव्हतं. आत्याबाईंशी भांडायचं होतं, ते शब्द जुळेनात. त्याची नोकरी गेली, हे वाक्य मी मनात म्हणून बघितलं, तर ते दुसऱ्या कुणाच्या घरातलं वाटलं. पिशवीतल्या पावाची ऊब मांडीला लागत होती. त्याच उबेत ते पिंप बसलं होतं, हे माझ्या लक्षात आलं आणि मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग तोही हात तापला. जिन्याशी वळले तर खालच्या मजल्यावर खैरिया दार अर्धं उघडून उभी होती, माझ्या पावलांचा आवाज तिला माहीत आहे.

"फोन आला का गं मिफ्ताहचा?" तिनं विचारलं. "तिकडे काही कळलं?"

मी तिच्याकडे आजवर इतकं काही नेलं होतं की तिच्या चेहऱ्यानं ते घ्यायची जागा आधीच करून ठेवलेली होती. मला वाटलं, अजून एकदा. चाकांच्या खुणा अजून थोड्या दक्षिणेला नेता येतील. वाळवंट काही संपत नाही.

"तिकडे कुणी नाही, खैरिया," मी म्हणाले. "मिफ्ताह गेलाच नाही. कुणी शोधायला गेलं नाही. मी तुला सांगितलं ते सगळं खोटं होतं, मला आज कळलं." मी थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. खड्डा सांगितला. गाड्या सांगितल्या. दोन पेले सांगितले. "सालिह त्यांना म्हणाला, मी एकटाच आहे, दोन्ही पेले माझेच. दोन्ही त्यानं पिऊन दाखवले. म्हणून मिफ्ताह वाचला."

मला वाटलं ती किंचाळेल, माझे केस धरेल. तो तिचा हक्क होता. तिनं दाराची कडी पकडली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी कुणा भलत्याच माणसाबद्दल बोलते आहे आणि ती मला दुरुस्त करणार आहे.

"नाही गं," ती म्हणाली. "एकट्याला त्याला एक पेलासुद्धा जायचा नाही."

आणि मग ती पायरीवर बसली.